करंट आला की उठायचं

आमच्या गल्लीत एकदम शांतता झाली की समजायचं, करंट गेला. बाहेरून आलेल्या माणसाला शांतता मूळची वाटते आणि विजेवर चालणाऱ्या मागांचा आवाज वरून आलेला. आमचं उलटं होतं. आवाज मूळचा होता. तो बंद पडला की तान्ही मुलं झोपेतून दचकून उठायची आणि म्हातारी माणसं कट्ट्यावर येऊन आभाळाकडे बघायची, जणू करंट वरूनच पडतो. वडगाव तेव्हा बेळगावच्या कडेचं गावच होतं आणि आमच्या गल्लीत माग नसलेलं घर शोधून सापडलं नसतं. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार. मध्ये एकच भिंत, त्यामुळे मागाचा ठोका फरशीतून चुलीपर्यंत यायचा, ताटातली आमटी थरथरायची, फडताळातली भांडी एकमेकांना लागून बारीक किणकिणत राहायची. भाकरीत सुताचा तंतू निघाला तर कुणी तोंड वाकडं करत नसे. बोटानं काढायचा आणि पुढचा घास घ्यायचा. मागावर जांभळी साडी असेल तर आमच्या नखांच्या कडा जांभळ्या, हिरवी असेल तर हिरव्या.

मला याद्या करायची सवय आहे. भाजीची, भेटायच्या माणसांची, प्रवासाला न्यायच्या सामानाची. हे प्रकरण लिहायला बसण्याआधीही मी मुद्दे काढले होते आणि त्यात पहिला मुद्दा ‘शाळा’ असा होता. लिहायला घेतलं तर मागच पुढे आला. आमच्या शाळेची गोष्ट मागाला बाजूला ठेवून सांगताच येत नाही, हे मला इतक्या वर्षांनी मुद्द्यांची यादी मोडल्यावर कळतं आहे.

आमच्या घरी एकच माग होता आणि तो लंगडा होता. आडवं सूत वाहून नेणाऱ्या धोट्याला इकडून तिकडे हाणणारा लाकडी दांडा एका बाजूनं झिजलेला, त्यामुळे ठोका सरळ पडायचा नाही. दोन ठोके नीट आणि तिसऱ्याला जरा अडखळ. आप्पा, म्हणजे माझे वडील, नवा दांडा घालायचा म्हणत राहिले आणि माग लंगडत साड्या देत राहिला. मला त्याचा उपयोग होता. गल्लीतले सगळे माग एकदम चालू असले तरी त्या गदारोळात मला आमचा वेगळा ऐकू यायचा. ज्याच्या त्याच्या घरच्या मुलाला ज्याचा त्याचा माग असाच ओळखू येत होता. गुराख्याला गाईची घंटा कळते, तसं.

माग चालू असला की कांड्या लागतात. धोट्याच्या पोटात बसणारी सुताची छोटी गुंडाळी म्हणजे कांडी. माग ती बघता बघता संपवतो आणि दुसरी मागतो. कांड्या भरायचं यंत्र आमच्या घरात मागाच्या बाजूलाच होतं आणि तेही करंटवरच चालायचं. आई स्वयंपाक करता करता येऊन कांड्या भरायची, पण मागाची भूक आणि घराची भूक एकाच वेळी लागायची. म्हणून प्रत्येक घराला एक मूल कांड्यांसाठी हवं असे. बहुतेक घरांत ती मुलगी असे. आमच्या घरात मी.

आता शाळेकडे येते. गल्लीच्या टोकाला सरकारी मराठी शाळा होती, कौलारू, पुढे मोकळं अंगण आणि चिंचेचं झाड. पहिली ते सातवी. हेरेकर बाई तिथे बदलून आल्या तेव्हा म्हणे वरच्या वर्गांत मुलंच नसायची. बाई खानापूरकडच्या शेतकऱ्यांतल्या, मागाची त्यांना काही माहिती नव्हती. त्या घरोघर गेल्या, मागापुढे उभ्या राहिल्या, ओरडून बोलल्या आणि शेवटी एक करार करून आल्या. करंट नसेल तेव्हा मुलं माझी, करंट असेल तेव्हा तुमची. तेव्हा करंट सारखाच जायचा, त्यामुळे करार दोन्हीकडून परवडण्यासारखा होता. शांतता झाली की आम्ही दप्तर घेऊन शाळेत पळायचो. वर्ग चालू असताना माग सुरू झाले की ज्याचा माग वाजला त्यानं उठायचं आणि घरी जायचं. विचारायचं नाही, हात वर करायचा नाही. बाई शिकवता शिकवता नुसती मान हलवायच्या.

या पद्धतीनं शिकल्यामुळे माझ्या ज्ञानात विचित्र भोकं आहेत. इतिहासातल्या कित्येक लढाया माझ्या डोक्यात अजून चालूच आहेत. दोन्ही सैन्यं समोरासमोर आली आणि करंट आला. भूगोलातली एक नदी उगमापासून निघाली ती समुद्राला मिळालीच नाही. गणित मात्र पक्कं झालं, कारण बाई गणित पहिल्यांदा घ्यायच्या. शांतता किती टिकेल याचा भरवसा नसेल तर आधी जरुरीचं उरकावं, हे मी त्यांच्याकडून शिकले. आणखी एक. बाई फळ्याकडे तोंड करून कधी बोलत नसत. मागांच्या आवाजात वाढलेली आम्ही मुलं ऐकण्यापेक्षा ओठांकडे बघून समजून घ्यायचो, हे त्यांच्या लवकर लक्षात आलं होतं. लिहायचं, वळायचं, मग बोलायचं. माझ्या बाकावर शकू बसायची. तिचं घर आमच्या समोरचं. आम्ही दोघी वर्गात आवाज न काढता नुसत्या ओठांनी वाटेल तेवढ्या गप्पा मारायचो आणि कुणाला पत्ता लागायचा नाही.

मी सहावीत होते त्या वर्षी बातमी आली की सातवी बंद होणार. मुलं कमी झाली होती. काही घरांनी पोरं कन्नड शाळेत घातली होती, पुढे नोकरीला बरं पडतं म्हणून. ज्यांचे माग वाढले होते त्यांनी कॉन्व्हेंट धरलं. आणि ज्यांचं काहीच वाढलं नव्हतं त्यांची पोरं कायमची कांड्यांना बसली होती. हेडमास्तरांनी वर्गात येऊन सांगितलं की वरून साहेब येणार आहेत, पाचवी-सहावीच्या वर्गांत बाकावर बसलेली मुलं स्वतः बघणार आहेत. पुरेशी दिसली तर सातवी राहील. नाहीतर पुढच्या जूनपासून सातवीला रेल्वे फाटकापलीकडच्या मोठ्या शाळेत जावं लागेल.

फाटकापलीकडे म्हणजे काय हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिथून माग ऐकू येत नव्हते. ज्या शाळेतून घरचा माग ऐकू येत नाही त्या शाळेत कुठला विणकर मूल घालणार? आप्पांनी जेवताना एका वाक्यात विषय मिटवला.

“हितं हाय तवर शीक. फाटकाच्या पलीकडं धाडणार न्हाय.”

“आणि सातवी बंद झाली तर?” मी विचारलं.

“तर बंद झाली. कांड्या काय बंद व्हणार हाईत व्हय?”

आईनं माझ्या ताटात आमटी वाढली, नको म्हणत असताना.

मला शिकायचं होतं. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं आणि आता सांगितलं तर ते शहाणपणाचं होईल, खरं होणार नाही. एवढं आठवतं की सातवीच्या वर्गाच्या खिडकीला गज नव्हते आणि तिथून चिंचेची फांदी आत यायची. मला त्या खिडकीजवळच्या बाकावर बसायचं होतं. शकूलाही तोच बाक हवा होता. आमचं त्यावरून भांडणही झालं होतं.

बाईंनी तयारी मनावर घेतली. आमच्या भागात त्या आठवड्यात करंट सकाळी नसणार हे त्यांनी वायरमनला गाठून पक्कं केलं आणि हेडमास्तरांकडून साहेबांना सकाळचीच वेळ कळवली. अंगणाला सडा, भिंतींना चुना. मग त्या घरोघर फिरल्या. कांड्यांना कायमच्या बसलेल्या मुलींची नावं अजून पटावर होती. त्यांनाही त्या दिवशी वेणीफणी करून पाठवा म्हणून सांगत होत्या. आमच्या घरी आल्या तेव्हा माग चालू होता. आप्पांनी तो थांबवला नाही, वेग तेवढा कमी केला.

“सुमनला सकाळी लवकर धाडा हं,” बाई ओरडून म्हणाल्या. “साहेब आले, बघितलं, गेले. एवढंच काम.”

“करंट आला तर?” आप्पा.

“यायच्या आत उरकतंय सगळं.”

आई कांड्या भरत होती. तिनं मान वर न करता विचारलं, “आणि न्हाय उरकलं तर वो बाई?”

“असं वंगाळ तोंडातनं काढू नये,” बाई हसून म्हणाल्या. आई हसली नाही. हातातली कांडी भरून झाली तरी तिनं ती काढली नव्हती. सूत वाढत वाढत कडेनं घसरलं. आईच्या हातून कांडी बिघडलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

त्या सकाळी सगळं बाईंच्या मनासारखं झालं. करंट ठरल्याप्रमाणे गेला. गल्ली चिडीचूप. मुलं आली, नुसती आली नाहीत, तेल लावून, पावडर फासून, धुतलेले कपडे घालून आली. कांड्यांना बसणाऱ्या मुलींनी बहिणींची परकर-पोलकी घातली होती. बाक पुरेनात. आम्ही एका बाकावर चौघी दाटून बसलो, शकूचं कोपर माझ्या बरगडीत आणि माझं तिच्या. बाई एकेका वर्गाच्या दारात येऊन बघत होत्या आणि परत जात होत्या. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी नंतर कधी पाहिला नाही. आणि साहेबही वेळेवर आले. जीप अंगणात शिरली तेव्हा आम्ही सगळ्यांनी एकदमच श्वास घेतला.

इथे घोटाळा झाला. आमच्याकडे आलेल्या माणसाला दारातच कामाला लावत नाहीत. हेडमास्तर जुन्या वळणाचे. त्यांनी स्वागतगीत बसवलं होतं, हार आणला होता, शाल आणली होती, नारळ होता. पाचवीच्या मुली गाणं म्हणाल्या. गाण्याला तीन कडवी होती. मग हेडमास्तर बोलले. मग साहेबांना ऑफिसात नेलं, तिथे उप्पीट होतं, शहरातून आणलेला गोड कुंदा होता. आमच्या वर्गाची भिंत ऑफिसला लागून, वर फटी. शांतता असल्यानं सगळं स्पष्ट ऐकू येत होतं.

“आधी मुलं बघू या की, मास्तर,” साहेब म्हणाले. ते कन्नड वळणाचं मराठी बोलायचे, प्रत्येक शब्दाच्या शेवटी जरा टेकत.

“उप्पीट गार होतंय साहेब. मुलं काय पळून जात्यात व्हय?”

बाई हळू आवाजात म्हणाल्या, “सर, आधी मोजू दे. मग सावकाश खातील.”

“बाई, साहेबांना उपाशी पोटी मोजाय लावू म्हणता? हे बरं दिसतंय?”

मी पुढे आयुष्यभर औषधांच्या एका गोदामात व्यवस्था बघण्याचं काम केलं, आता शाळेच्या सुधारणा समितीवर आहे. माझ्या मीटिंगला चहा शेवटी येतो. लोक मागे मला चिकट म्हणतात, ते माझ्या कानावर आहे.

पहिला माग गल्लीच्या पार खालच्या टोकाला सुरू झाला. करंट वेळेआधीच आला होता. का आला, कुणाला माहीत, गेलेल्या करंटला लोक कारण विचारतात, आलेल्याला कोण विचारतो? मग दुसरा माग लागला, तिसरा, मग लाटेसारखे शाळेकडे सरकत आले. आणि वर्गात मुलं उठू लागली. कुणी धावलं नाही, कुणी गोंधळ केला नाही. ज्याचा वाजला तो उठला, दप्तर खांद्याला लावलं, निघाला. बाई दारात होत्या. त्यांच्या बाजूनं मुलं एकेक करून बाहेर पडत होती आणि सवयीनं वर बघत होती, त्यांची मान हलते का ते. बाईंनी तोंड उघडलं. मी त्यांच्या ओठांकडेच बघत होते. ‘बसा’ असा आकार ओठांवर आला आणि तसाच मिटला. घरोघर जाऊन शब्द त्यांनीच दिलेला होता. सडा घातला, चुना लावला, वायरमनला गाठलं, पण ‘आज उठायचं नाही’ हे मुलांना सांगायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. श्वास घेऊ नका असं कुणी सांगतं का?

हेडमास्तर हातातली बशी घेऊनच अंगणात पळाले. “बसा! आत बसा रं! कुठं चाललाय?”

अंगणाच्या दाराशी पोचलेला एक मुलगा खरोखर गोंधळून मागे वळला. “गुर्जी, करंट आलाय न्हवं,” तो म्हणाला. गुरुजींना आवाज ऐकू आला नसेल असं त्याला वाटलं असणार.

माझ्या शेजारी शकू उठली. तिच्या घरचा माग लागला होता, तो मलाही ओळखू येत होता, आमच्या समोरचाच तर तो. बाक मोकळा झाला, बरगडीतलं कोपर गेलं. ती दोन बाक ओलांडून वळली आणि नुसत्या ओठांनी तिनं विचारलं, “तुझा?”

मी कान दिला. सगळी गल्ली धडधडत होती. त्यात तिसऱ्या ठोक्याला अडखळणारा ठोका नव्हता. पुन्हा ऐकलं. नव्हता. मी नाही म्हणून मान हलवली. शकूनं भुवया उंचावल्या आणि ती गेली.

साहेब आले तेव्हा वर्गात आम्ही मोजकीच उरलो होतो. कुणाचा माग बिघडलेला, कुणाच्या मागावर ताण्याचं उभं सूत चढवायचं राहिलेलं, आणि मी. त्यांनी रिकाम्या बाकांवरून हात फिरवला. बाक अजून कोमट असणार. मी पहिल्याच रांगेत होते, म्हणून मलाच विचारलं.

“बाकीचे कुठं गेले?”

“घरी.”

“का?”

“करंट आला.”

“मग तू का बसलीस?”

“आमचा माग लागला न्हाय,” मी खरं ते सांगितलं.

ते हसतील असं वाटलं होतं. ते हसले नाहीत. थोडा वेळ नुसते उभे राहून मागांचा आवाज ऐकत राहिले. मग बाईंकडे वळले. “बाई, मला दिसतंय तेवढंच मी लिहिणार.”

“लिहा साहेब,” बाई म्हणाल्या. त्यांनी चुना लागलेला पदर झटकला आणि खडू उचलून फळ्यावर गणित लिहायला घेतलं. लिहिलं, वळल्या, मग बोलल्या.

घरी आले तर आप्पा मागाखाली पालथे पडलेले. हातात बॅटरी, डोक्याला सुताचं जळमट. धोटा सापडत नव्हता. धोटा म्हणजे मागाचा जीव. तोच कांडी पोटात घेऊन इकडून तिकडे धावतो. आमच्याकडे जादा धोटा होता, पण त्याचं टोक फुटलेलं, तो सुताराकडे पडून होता.

“काल मागावरच ठेवलाता मी,” आप्पा खालून म्हणाले. “पाय फुटले काय त्याला?”

“उंदरानं नेला असंल,” आई भाकरी थापत म्हणाली.

“धोटा? उंदीर?”

“लई मोठे झाल्यात अलीकडं.”

तिनं मला हाक मारली, पीठ संपत आलंय, डब्यातलं काढून दे म्हणून. मी पिठाच्या डब्यात हात घातला आणि बोटांना लाकूड लागलं. गुळगुळीत, दोन्ही टोकांना लोखंड. मी हात तसाच ठेवून आईकडे बघितलं. ती भाकरीवरून पाणी फिरवत होती. मागांचा एवढा आवाज होता की बोलून उपयोग नव्हता, आणि बोलायची गरजही नव्हती. तिनं ओठ नुसते घट्ट मिटले. मी पीठ काढलं, डब्याचं झाकण लावलं.

भाकऱ्या झाल्यावर आईनंच धोटा ‘शोधून’ दिला. “ह्यो बघा. कांड्यांच्या टोपलीखाली होता की. माणसाला डोळं नकोत व्हय?” आप्पांनी तो हातात घेतला, उलटा केला, बघितला. पोटातल्या खाचेत पांढरं पीठ बसलेलं होतं. त्यांनी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, माझ्या अंगावरच्या इस्त्रीच्या झग्याकडे. मग तोंडाजवळ नेऊन एक फुंकर मारली, कांडी घातली आणि माग लावला. दोन ठोके नीट, तिसऱ्याला अडखळ. मी मुकाट्यानं कांड्यांना बसले.

सातवी बंद झाली. जूनमध्ये हेरेकर बाई दाखले घेऊन स्वतः घरोघर आल्या. कट्ट्यावर बसल्या, पाणी प्यायल्या, दाखला माझ्या हातात न देता आप्पांच्या हातात दिला. आप्पा तो धरून उभे राहिले. कागदाला सुताचा रंग लागू नये म्हणून फक्त दोन बोटांत धरला होता. आई चुलीपाशी होती, पाठ करून.

“जाऊ दे म्हणावं तिला फाटकापलीकडं,” आप्पा शेवटी म्हणाले. बाईंना नाही, चुलीकडे बघत. “न्हायतर परत धोटा हरवायचा. आणि धोट्याला रोज पीठ खायला घालाय परवडत न्हाय आपल्याला.”

आईची पाठ हलली. हसली की रडली, मला मागून कळलं नाही, आणि मी कधी विचारलंही नाही. पुढची सगळी वर्षं माझ्या वाटच्या कांड्या तिनं भरल्या. तिच्या उजव्या हाताची बोटं आता सरळ होत नाहीत.

शकूला कुणी पाठवलं नाही. त्यांच्या घरी दोन माग होते आणि त्या दिवशी दोन्ही लागले होते. गोष्ट एवढीच होती, आणि मला ती नीट मांडता येत नाही. लोक अजून म्हणतात, साहेब आले तेव्हा ही सुमन जागची हलली नाही, लहानपणापासून जिद्दी. मी त्यांना सांगते की माझा माग वाजला असता तर मीही उठले असते, सगळ्यांआधी. कुणी मनावर घेत नाही. सकाळी मी दप्तर घेऊन निघायची तेव्हा शकू त्यांच्या खिडकीत कांड्यांच्या यंत्रापाशी बसलेली असायची. सुरुवातीला मी परत आले की ती आवाजाच्या आडून ओठांनी विचारायची, “काय शिकवलं?” मीही ओठांनी सांगायची. बीजगणित ओठांनी सांगता येत नाही. पावसाळा संपेपर्यंत तिनं विचारणं सोडलं होतं. सूत बघावं लागतं, मान वर करून चालत नाही.

यंदाच्या जूनमध्ये समितीच्या वतीनं मी शाळेतल्या नव्या बाईंना घेऊन गल्लीत फिरले. आता पाचवीपर्यंतच वर्ग उरलेत आणि त्यांतही मुलं इतकी कमी की दोन वर्ग एकत्र बसतात. शाळा मात्र पूर्वीपेक्षा चांगली झाली आहे. दुपारचं गरम जेवण आहे, कॉम्प्युटर आहे, मुलींना वेगळं बाथरूम आहे. मी हे मुद्दे एका कागदावर काढून घेतले होते, घरोघर तेच सांगत होते. मागही कमी झालेत, पण आहेत. शकूच्या घरी आहेत. लग्न गल्लीतच झालेलं, आता मुलगा-सून माग चालवतात, ती कांड्यांना असते. करंट गेलेला होता म्हणून ती मोकळी सापडली. तिची नात पायरीवर बसून बूट घालत होती, पिवळ्या व्हॅनची वाट बघत. शहरापलीकडची इंग्रजी शाळा.

मी कागदावरचे मुद्दे सांगितले. शकूनं नीट ऐकून घेतलं, चहा टाकला.

“शाळा चांगली हाय, माहीत हाय मला,” ती म्हणाली. “बाईबी चांगल्या हाईत. तुझं काय चुकायलंय असं न्हाय.”

“मग घाल की हिला. दारात शाळा आहे. एवढ्या लांब पाठवतेस, त्या व्हॅनमध्ये पोरं कोंबतात.”

“लांब हाय म्हणूनच घातलीया.” तिनं माझ्यासमोर कप ठेवला. “तुझ्या शाळेतनं माग ऐकू येतोय गं, सुमे.”

मी काहीतरी म्हणणार होते. आता पूर्वीसारखं नाही, आता कुठली मुलं उठून जातात, असं. तेवढ्यात करंट आला. भिंतीपलीकडे माग धडधडला आणि शकू चहा अर्धा ठेवून उठली. मीही उठले होते. हातात कप, एक पाय उंबऱ्याकडे. माझा माग भंगारात गेल्याला कित्येक वर्षं झाली. नव्या बाई आमच्या दोघींकडे बघतच राहिल्या.

पायरीवर पोरगी बुटाची नाडी बांधत होती. तिनं मान वर करूनसुद्धा बघितलं नाही.